जळगावच्या टेबलावर दोन कॅरेक्टर बिल्डर

आमच्या गटात बहुतेक जण रोलप्लेइंग गेमला (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायच्या खेळाला) नवे, छापील पुस्तकं एकाकडेच, आणि एक भिडू दर रविवारी चोपड्याहून एसटीने येतो. पात्र आणि त्याचे आकडे तयार करून देणारी ॲप म्हणजे कॅरेक्टर बिल्डर. पावसाळाभर डी अँड डी बियाँड वापरलं, दिवाळीनंतर पाथबिल्डर. खरं तर हे दोन वेगळ्या खेळांचे बिल्डर आहेत, पहिला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डी अँड डी), दुसरा पाथफाइंडरचा, त्यामुळे आधी खेळ ठरवा. आमचं मात्र उलटं झालं, बिल्डर बघून खेळ बदलला.

डी अँड डी बियाँड देखणं आहे. नवा माणूस विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत जातो आणि चहा होईपर्यंत पात्र तयार. पण फुकट खात्यात सहाच पात्रं, आणि मोफत नियमांत प्रत्येक क्लासची, म्हणजे पात्राच्या पेशाची, एकच उपशाखा. रोग (चोरट्या चालीचं पात्र) घेतला की थीफ, फायटर (लढवय्या) घेतला की चॅम्पियन. तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या बढतीच्या तिसऱ्या पायरीला, उपशाखा निवडायची वेळ आली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. कपाटातली छापील प्रत इथे कामाची नाही, डिजिटल वेगळी घ्यावी लागते. एकाने डिजिटल पुस्तकं घेऊन 'मास्टर' नावाची वर्गणी भरली, तर कॅम्पेनमधल्या (एकत्र खेळायच्या मोहिमेतल्या) सगळ्यांना ती वापरता येतात. पैसे काढून खेळणाऱ्या गटाला हे परवडेल. आमच्याकडे वर्गणी मागणं म्हणजे गणेश मंडळाची पावती फाडणं.

माझी खरी अडचण वेगळी. पाचव्या लेव्हलच्या रोगचा स्टेल्थ (लपूनछपून वावरायचं कौशल्य) नुसता १० दिसायचा. आमचा चोपडेकर विचारी, "हाऊ आकडा कथाईन उना भो?" (हा आकडा कुठून आला?) डेक्सटेरिटी (चपळाई) १८ म्हणून ४, प्रोफिशियन्सी (सरावाची भर) ३, एक्सपर्टीजमुळे (खास प्रावीण्यामुळे) तिची दुप्पट ६. पण खेळाच्या भरात ही फोड करत बसतो कोण? सगळे नुसते फासे टाकून मोकळे.

पाथबिल्डर पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी आहे. तिथे कौशल्यासोबत दर्जा समोरच असतो: ट्रेन्ड, एक्सपर्ट, मास्टर, लेजेंडरी, म्हणजे लेव्हलमध्ये अनुक्रमे २, ४, ६, ८ मिळवायचे. पाचव्या लेव्हलचा एक्सपर्ट म्हणजे ९, डेक्सटेरिटीचे ४, झाले १३. ही बेरीज आता पोरं तोंडी करतात. नियम आर्काइव्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट, त्यामुळे पुस्तकांचा प्रश्नच मिटला. पाथबिल्डरमध्ये पर्यायी नियमांसारख्या काही गोष्टींसाठी पैसे मोजावे लागतात, तेही एकदाच. अँड्रॉइडवर ॲप नेटशिवाय चालतं. एप्रिलमध्ये वीज गेली की वायफायही जातं, तेव्हा त्याची किंमत कळते.

उणी बाजूही आहे. फीटची (पात्राने निवडायच्या खास करामतींची) यादी इतकी लांब की नवखा दुसऱ्याच लेव्हलला गांगरतो, आणि शेजारी जाणता माणूस नसला तर कशावर काय लागू पडतं हे उमगत नाही. मराठी दोन्हींत नाही.

अगदी नवशिक्या गटाने एखादी छोटी मोहीम डी अँड डी बियाँडच्या फुकट खात्यावर खेळावी, तिसऱ्या लेव्हलच्या आत संपणारी. वर्षभर खेळायचं असेल आणि खिशातून फार काही जायला नको असेल, तर पाथबिल्डर. पात्राच्या पत्रकाची पीडीएफ काढून छापून ठेवा, भरीत-पुरीच्या तेलकट हातांनी फोन धरवत नाही.