बॅश ५.३ आणि ग्लोबसॉर्ट: काही महिने वापरल्यावर

बॅश म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल. त्याची ५.३ आवृत्ती जुलै २०२५मध्ये आली आणि मी ती निव्वळ ग्लोबसॉर्ट या एका व्हेरिएबलसाठी (स्टारने, म्हणजे * चिन्हाने, निवडलेल्या फाइली कोणत्या क्रमाने याव्यात ते ठरवणारी सेटिंग) सोर्सवरून कंपाइल करून घेतली. डिस्ट्रोत (लिनक्सच्या तयार संचात) यायची वाट बघायला सवड नव्हती. एका सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांचं स्कॅनिंग अंगावर होतं, आणि माझ्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर फाइलींना १.जेपीजी, २.जेपीजी अशी बोडकी नावं देतं. आकड्यापुढे शून्यं लावायची सोय म्हणे 'प्रो' आवृत्तीत आहे, तिची दरवर्षी वर्गणी. दोन शून्यांसाठी वर्गणी! मी भरणार नाही, विषय संपला.

तर स्टार टाकून पीडीएफ बांधायला गेलं की क्रम लागतो १, १०, ११ ते १९, मग २, मग २०. टर्मिनलवाल्यांना हे नवं नाही. शेल आकडा वाचत नाही, एकेक अक्षर ताडून बघतं. त्यात अक्षरांचा क्रम ठरवतो लोकॅल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ (ऑगस्ट २०१८) आवृत्तीआधीच्या सर्व्हरवर इंग्रजी लोकॅलमध्ये विरामचिन्हं हिशेबातच धरत नसत, त्यामुळे तिथे टिंब गायब होऊन १० ते १९ आधी आणि १.जेपीजी त्यांच्या मागून. झेरॉक्सवाल्याने एका फाइलीची स्पायरल बाइंडिंगसकट प्रत काढली ती अशाच क्रमाने. पैसे माझ्याच खिशातून गेले.

म्हणून ग्लोबसॉर्टला 'न्यूमेरिक' ही किंमत चालते हे वाचून मी खूश. दिली. काही फरक नाही! मॅन्युअल नीट वाचलं तर खुलासा तिथेच आहे: नाव फक्त आकड्यांचंच असेल तरच ते आकडा म्हणून धरलं जातं, बाकी सगळी नावं त्यांच्यामागे, जुन्याच पद्धतीने. म्हणजे '.जेपीजी' जोडलं की खेळ खलास. सांगा, नुसत्या आकड्याच्या नावाच्या फाइली कोणाकडे असतात? एमएच पद्धतीच्या मेलबॉक्समध्ये असतात, प्रत्येक पत्राची एक फाइल आणि नाव नुसता आकडा. चालू प्रोसेसची माहिती असलेल्या 'प्रॉक' फोल्डरमध्ये जाऊन बघितलं तर प्रोसेसचे नंबर सरळ क्रमाने येतात. छान. मला त्याचं काय लोणचं घालायचंय?

त्या आठवड्यात या सोयीला मी शून्य गुण दिले असते. मत बदललं ते 'एमटाइम' (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) या दुसऱ्या किंमतीमुळे. पानं ज्या क्रमाने स्कॅन केली त्याच क्रमाने फाइली तयार झाल्यात, मग नावाकडे बघायचंच कशाला? एमटाइम दिलं की सगळ्यात जुनी फाइल आधी. उणे चिन्ह लावलं की नवी आधी. पहिली मोठी वही या पद्धतीने बांधली आणि एकही पान हललं नाही. झेड-शेल या दुसऱ्या शेलमधून आलेल्यांनी सांभाळा, तिथे स्टारपुढे कंसात ओएम लिहिलं की नवी फाइल आधी येते, बरोबर उलट.

दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. क्रम बरोबर लागलाय का हे 'एलएस स्टार' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून तपासू नका. शेलने लावलेला क्रम एलएस मोडतो आणि आपला लावतो. एको किंवा प्रिंटएफ या नुसतं छापणाऱ्या कमांडने बघा. दुसरं म्हणजे, ग्लोबसॉर्ट=एमटाइम हे कमांडच्याच ओळीत आधी लिहून उपयोग नाही. स्टारचा विस्तार आधी होतो, ती नेमणूक फक्त त्या कमांडपुरती नंतर लागू होते. लोकॅल बदलणाऱ्या एलसी_ऑल=सीचंही तेच. वेगळ्या ओळीवर लिहा, आणि सगळं गोल कंसात टाका, म्हणजे कंसाबाहेर जुना क्रम शाबूत राहतो.

एमटाइमचा गोडवा पुढच्या वहीच्या सदतिसाव्या पानापर्यंत टिकला. ते वाकडं आलं म्हणून परत स्कॅन केलं, आणि ते थेट शेवटी जाऊन बसलं. एखादं पान फिरवून सेव्ह केलं तरी तेच. मग टच या कमांडने फाइलीची वेळ हाताने मागे न्यायची. फाइली साध्या सीपी कमांडने कॉपी केल्या, म्हणजे जुनी वेळ जपणारं -पी न लावता, तर सगळ्यांच्याच वेळा आजच्या.

झेड-शेलमध्ये स्टारपुढे कंसात एन लिहिलं की २.जेपीजी निमूट १०च्या आधी येतं, एक्स्टेन्शन असो वा नसो. फिश या आणखी एका शेलमध्ये तर काहीच लिहावं लागत नाही. पॉल फॉलस्टॅडने १९९०मध्ये सुरू केलेल्या झेड-शेलात हे कधीचं आहे, आणि बॅशने २०२५मध्ये दिलं ते अर्धंच, याचा राग अजून जात नाही. पण माझ्या सगळ्या स्क्रिप्ट बॅशमध्ये आहेत. त्या परत लिहायचा वेळ म्हणजेसुद्धा पैसेच.

देवनागरी नावांचा तर कोणीच वाली नाही. एका गिऱ्हाइकाने दिलेलं फोल्डर सी लोकॅलमध्ये (जिथे क्रम नुसत्या अक्षरांच्या कोड-नंबरांवरून लागतो) असं लागलं: अहवाल, नकाशा, हिशोब, १-प्रस्तावना, १०-ठराव, २-सभासद आणि सगळ्यात शेवटी ॲफिडेव्हिट. युनिकोडमध्ये देवनागरी आकडे अक्षरांच्या नंतर येतात, आणि ॲ आकड्यांच्याही पुढे. झेड-शेलचा एनसुद्धा इथे हात टेकतो, त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात.

सध्या स्कॅन झाल्या झाल्या एक लूप चालवतो, तो प्रिंटएफने नावं ००१, ००२ अशी करून टाकतो. 'प्रो' आवृत्तीचं काम फुकटात. ग्लोबसॉर्ट ठेवलाय तो 'साइज' आणि उणे एमटाइमसाठी; डाउनलोडमधली सगळ्यात नवी फाइल उचलायला तो झकास आहे. पाचपैकी तीन. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) वापरणार असाल तर त्याच्या क्रॉनटॅब या यादीत शेल म्हणून नव्या बॅशचा पूर्ण पाथ द्या. उबुंटूवर तिथे डॅश हा छोटा शेल चालतो, आणि त्याला ग्लोबसॉर्ट सोडा, लोकॅलचाही पत्ता नसतो.