कॅलिफोर्नियाची मतदार माहिती पुस्तिका: वाचाच, पण नुसतं टायटल वाचून ठेवून देऊ नका

इलेक्शनच्या महिनाभर आधी ही पुस्तिका पोस्टाने फुकट घरी येते. ओळखीतल्या बऱ्याच घरी ती मेलबॉक्समधून सरळ रिसायकलिंगच्या डब्यात जाते, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण मतदाराला इतकं बसवून समजावणारं सरकारी छापील काही मी गावाकडे कधी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक प्रॉपोझिशनला (म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही मत देऊन ठरवायचा कायदा, थोडक्यात प्रॉप) आधी अ‍ॅटर्नी जनरलने लिहिलेलं टायटल आणि सारांश, मग विधिमंडळाच्या तटस्थ तज्ज्ञाचं, म्हणजे लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचं विश्लेषण, मग बाजूचे आणि विरोधातले लोक काय म्हणतात ते, शेवटी कायद्याचा पूर्ण मसुदा. युक्तिवादांच्या पानाखाली स्पष्ट छापलेलं असतं की ही लिहिणाऱ्यांची मतं आहेत, कुठल्याही सरकारी संस्थेने तपासलेली नाहीत. हे मला फार प्रामाणिक वाटतं.

जुन्या पुस्तिका ऑनलाइन मिळतात. अण्णा सांगोल्याहून आले होते तेव्हा २०१२ ची काढून बसलो, प्रॉप २८, आमदारांनी किती वर्षं बसायचं त्याचा. टायटलखालच्या सारांशाच्या पहिल्याच ओळीत म्हटलंय की एकूण मुदत १४ वर्षांवरून १२ वर येणार. अण्णा लगेच म्हणाले, चांगलंय की, कमीच केली. पण पुढे वाचलं तर कळतं की १९९० च्या प्रॉप १४० ने असेंब्लीत ६ आणि सेनेटमधे ८ वर्षं ठरवली होती, तीही पूर्ण आयुष्यात मिळून तेवढीच, म्हणून ते १४, आणि नवीन नियमात १२ च्या १२ वर्षं एकाच सभागृहात काढता येतात. म्हणजे असेंब्लीतला माणूस ६ च्या जागी १२ वर्षं राहू शकतो! ती पहिली ओळ खोटी नाही, पण अर्धीच आहे, विरोधकांचीही हीच तक्रार होती. तरी ६१ टक्के मतांनी पास झालं.

मला स्वतःला २८ पटतं. ६ वर्षांत बजेट कसं बनतं ते कळेपर्यंत जायची वेळ होते, मग सगळं माहीत असलेले लॉबिस्टच उरतात. पण १९९० ला लोक का चिडले असतील तेही समजतं, विली ब्राऊन १९६४ ला असेंब्लीवर निवडून आले ते तिथेच होते आणि १९८० पासून स्पीकर. त्या प्रॉप १४० ने आमदारांची पुढची पेन्शनसुद्धा बंद केली, हे वाचून अण्णांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

मग म्हणाले, "अगं, मग आपल्या आबासाहेबांना १२ वर्षांनी घरी बसवलं असतं का?" गणपतराव देशमुख, सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले. मला पटकन उत्तर देता आलं नाही. लोकांनी मधे त्यांना पाडलंही होतं आणि परत निवडलंही, आणि तो हक्क आमच्याच हातात होता, इतकं म्हटलं. त्यावर अण्णा बराच वेळ बोलले, पुस्तिका तशीच उघडी राहिली.

५ पैकी ४. एक स्टार त्या पहिल्या ओळीसाठी कापला, कारण घाईत असलेला माणूस तेवढंच वाचतो. आणि घरी सासू-सासऱ्यांसारखे मतदार असतील ज्यांना इंग्रजी जड जातं तर पुस्तिका हिंदीतही मिळते, मागवून घ्या.