काळ्या मातीत पुरलेली उष्णता-प्रवाहमापक चकती
जमिनीत शिरणारी उष्णता मोजणारी ही चकती भक्कम असून तिचे आकडे स्थिर राहतात. मात्र ती 8 सेंटिमीटर खोल पुरावी, एवढेच सांगून माहितीपुस्तिका थांबते, हे मला फार अपुरे वाटते. चकतीच्या वरच्या थरात साठणारी उष्णता मातीचे तापमान आणि ओलावा मोजून हिशोबात धरली नाही, तर सकाळी पृष्ठभागातून आत जाणारा प्रवाह प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. त्यातच सोलापूरची काळी माती सुकली की भेगाळते, चकतीभोवती हवा शिरते आणि मातीचा स्पर्शच तुटतो. रब्बी ज्वारीत एक चकती ताटांच्या सावलीत व दुसरी ओळींमधील उघड्या जागेत पुरावी. उपकरण घेण्याजोगे आहे, परंतु ओलावामापकाशिवाय घेऊ नये.