फराळाचं रील: स्वतः कापावं की एडिटरला द्यावं?

बहिणीच्या घरगुती फराळासाठी मी दोन्ही करून पाहिलंय. एडिटरने रंग सुरेख खुलवले, कट नेमके मारले. पण चकली तेलात सोडतानाचा चर्र आवाज काढून वर गाणं चढवलं. लोक ज्यासाठी थांबतात तेच गेलं! पुढचं रील मी स्वतः केलं. चकली मोडल्याचा कुरकुरीत आवाज पहिल्या दोन सेकंदांतच ठेवला आणि चौकशीचे फोन त्यावरच आले.

स्वतः करायला मोबाइल पुरतो. व्हिडिओ एडिट करायचं इनशॉट ॲप आहे, इन्स्टाग्रामचं २०२५ मध्ये आलेलं एडिट्स ॲपही आहे. चौकट उभी, रुंदी-उंचीचं प्रमाण ९:१६. वेळ मात्र जातो. अर्ध्या मिनिटाच्या रीलला सुरुवातीला माझे दोन तास जायचे. शिवाय काही फॉन्टमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, ती तपासत बसावं लागतं.

एडिटरला काम देताना पैशांसोबत आणखी दोन गोष्टी आधीच ठरवा: बदल किती वेळा करून मिळणार आणि मूळ फाइल कोणाकडे राहणार.

रोजची रील्स मी स्वतःच करेन. ऐन दिवाळीत मात्र कढई सोडून फोन घेऊन बसता येत नाही, तेव्हाची दोन-तीन खुशाल एडिटरला द्यावीत, आवाज तसाच ठेवायला बजावून.