मुंबईची कॉन्फरन्स आणि जोडून समुद्र: अलिबाग-मुरूड की दमण-तिथल?

बडोद्याहून परिषदेसाठी मुंबईला जाणाऱ्या प्राध्यापकांना, डॉक्टरांना आणि कंपन्यांतील अधिकाऱ्यांना एक मोह हमखास होतो: जाण्यायेण्याचे भाडे कार्यालय देतेच आहे, तर दोन दिवस जोडून समुद्र पाहून यावे. मोह रास्त आहे. प्रश्न उरतो तो दिशेचा. मुंबई ओलांडून दक्षिणेला अलिबाग, काशीद, मुरूड आणि जंजिरा गाठायचा, की घरी आणणाऱ्या रेल्वेमार्गावरच मध्ये उतरून उदवाडा, दमण आणि वलसाडजवळचे तिथल पाहायचे? अरबी समुद्र दोन्हीकडे एकच असला तरी पाणी, वाळू, इतिहास आणि प्रवासाची दगदग यांत एवढा फरक आहे की एका किनाऱ्याच्या अपेक्षेने दुसऱ्याकडे गेल्यास निराशा पदरी पडते.

पहिला निकष परिषदेची जागा हा धरावा. ती फोर्ट, कुलाबा किंवा नरिमन पॉइंट भागात असेल, तर गेटवे ऑफ इंडियाचा धक्का टॅक्सीने काही मिनिटांवर असतो. तेथून मांडव्याला जाणारी बोट साधारण तासाभरात पोहोचते आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बहुतेक वेळा त्याच तिकिटात मिळते. परिषद गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात किंवा पवईच्या एखाद्या हॉटेलात असेल, तर हेच गेटवे गाठण्यात सकाळ खर्ची पडते, आणि त्याच वेळात बोरिवलीला गाडीत बसलेला माणूस वापीला उतरून दमणच्या रस्त्याला लागलेला असतो. वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या मधोमध पडते, त्यामुळे तेथे निर्णय बाकीच्या बाबींवर सोडावा. स्वतःची किंवा भाड्याची मोटार असणाऱ्यांसाठी दक्षिणेचे गणित बरेच बदलले आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्याला नेणारी रो-रो बोट २०२०पासून सुरू आहे, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूमुळे शिवडीहून न्हावा-शेवामार्गे पेणकडे जाणे सुटसुटीत झाले आहे.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे करावा. परिषद शुक्रवारी संध्याकाळी संपते आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे असे धरल्यास उत्तरेच्या बाजूला काहीच ओढाताण होत नाही. शुक्रवारी रात्री दमण, शनिवारी नानी व मोटी ही दोन्ही दमण आणि उदवाडा, रविवारी तिथल, आणि दुपारनंतर वलसाडहून बडोद्याची गाडी. वलसाड हे मुंबई सेंट्रल आणि बडोदा यांच्या जवळजवळ मध्यावर, दोन्हीकडून सुमारे दोनशे किलोमीटरवर असल्याने पाहिलेले प्रत्येक ठिकाण आपल्याला घराच्या जवळच आणते. दक्षिणेत नेमके उलटे घडते. शनिवारी सकाळच्या बोटीने अलिबाग, संध्याकाळपर्यंत मुरूड, रविवारी सकाळी जंजिरा, आणि मग सुमारे सत्तर किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता मांडव्यापर्यंत उलटा कापून, बोटीने मुंबई, टॅक्सीने मुंबई सेंट्रल आणि रात्रीच्या गाडीने बडोदा. हे जमते, पण सोमवारच्या बैठकीत डुलक्या काढण्याची तयारी ठेवावी लागते. दोन दिवसांत जंजिऱ्यासह परतण्याचा अट्टाहास करू नये, असेच माझे मत आहे. दोनच दिवस असतील तर अलिबाग-रेवदंड्यावर समाधान मानावे, आणि मुरूडसाठी तिसरा दिवस मोकळा करावा.

आता खुद्द समुद्राविषयी. बडोदेकरांपैकी अनेकांनी तिथल पाहिलेले असते आणि तेथील गढूळ पाणी व काळसर वाळू पाहून नाकही मुरडलेले असते. त्या गढूळपणात अस्वच्छतेपेक्षा भूगोलाचा वाटा मोठा आहे. मही, नर्मदा आणि तापी या नद्यांचा गाळ खंबातच्या आखातात येतो, आणि निमुळत्या होत जाणाऱ्या त्या आखातात भरतीचे पाणी इतके चढते-उतरते की गाळाला खाली बसायला उसंत मिळत नाही. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक सुमारे चार ते पाच मीटर असतो. भावनगरकडे तो दहा मीटरच्या आसपास जातो. तिथल आणि दमण या दोन टोकांच्या मध्ये येतात, त्यामुळे तेथे ओहोटीला समुद्र खूप दूर सरकतो आणि समोर ओला चिखलवट पट्टा उरतो. काशीदला सुरूच्या बनापुढची वाळू उजळ आहे आणि लाटा खऱ्या अर्थाने लाटा आहेत, पण त्या लाटांचा मागे खेचणारा ओढही जबर आहे. तेथे बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून परिषदेचा शीण घालवण्यासाठी थेट पोहायला उतरणे शहाणपणाचे नव्हे.

भरती-ओहोटीकडे लक्ष न देता आखलेली सहल दोन्ही किनाऱ्यांवर फसते, फक्त उलट्या कारणांनी. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठायचा तर ओहोटी हवी. तिथलला समुद्र म्हणावा असा समुद्र पाहायचा तर भरती हवी. कोकणातला जुना आडाखा येथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. किल्ला पाहायला ही वेळ उत्तम. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी असण्याचे, असल्याने पाणी पुरते ओसरतही नाही आणि घोडागाडीचा आधार घ्यावा लागतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी खूप आत जाते खरे, पण पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आसपास, म्हणजे किल्ल्यातून परतताना अंधार आणि चढते पाणी एकदमच गाठतात. परिषदेची तारीख आपल्या हातात नसते, पण तिच्या पुढच्या शनिवारची तिथी दिनदर्शिकेत आधीच छापलेली असते. ती चतुर्थी-पंचमी निघाली तर अलिबागची सकाळ आणि तिथलची संध्याकाळ दोन्ही साधतात, मग निवड इतर निकषांवर खुशाल करावी. तिथलच्या बाबतीत हा आडाखा थोडा पुढेमागे होतो, कारण आखातात आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते.

इतिहासाच्या बाबतीत मराठी वाचकाचे मन दक्षिणेकडे झुकणार हे उघड आहे, आणि ते झुकावेच. कुलाबा हा शिवाजी महाराजांनी उभारलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झालेला किल्ला. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. रेवदंड्याला पोर्तुगिजांची तटबंदी नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकावते, आणि जंजिरा तर सिद्दींच्या ताब्यात अखेरपर्यंत अजिंक्य राहिलेला. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने त्याच्या जवळ जाताना दरवाजा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि तो जिंकण्याचे इतके प्रयत्न का फसले याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. विज्ञानाच्या परिषदेहून जाणाऱ्यांनी अलिबागची चुंबकीय वेधशाळाही लक्षात ठेवावी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तेथील कुलाबा भागातल्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले.

उत्तरेचा इतिहास कमी तोलाचा नाही. तो आपल्या शाळेतील पाठांत कमी येतो इतकेच. उदवाड्याच्या इराणशाह आतशबेहराम या पारशी अग्निमंदिरातील पवित्र अग्नी १७४२पासून त्या गावात आहे. आत प्रवेश फक्त पारशांना असतो, हे आधीच ठाऊक असावे. इतरांनी जायचे ते लाकडी ओट्यांची जुनी घरे, शांत गल्ल्या आणि पारशी जेवण यांसाठी. पारशी प्रथम जेथे स्थिरावले असे मानतात, ते संजाण याच मार्गावर आहे, आणि तेथील स्मारकस्तंभ १९२०चा आहे. मोटी दमणचा किल्ला पोर्तुगिजांनी १५५९मध्ये दमण घेतल्यानंतरचा. त्याच्या आत आजही सरकारी कचेऱ्या भरतात, आणि १६०३च्या बॉम जेझस चर्चमधील लाकडी कोरीवकाम पाहण्यासाठी तरी दमणगंगा ओलांडून त्या काठावर जावे. एक दिवस हाताशी जास्त असल्यास नवसारीला उतरून दांडीही होते. नवसारी हा बडोदे संस्थानचा प्रांत होता, तर दांडी शेजारच्या ब्रिटिश मुलखात. ६ एप्रिल १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक तेथे २०१९पासून खुले आहे.

अर्धाच दिवस मिळत असेल, तर दोन्ही बेत सोडून वसईचा किल्ला पाहावा. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये तो घेतला, लोकल वसई रोडपर्यंत जाते, आणि संध्याकाळी बोरिवलीहून बडोद्याची गाडी सहज मिळते. द्वारका, सोमनाथ किंवा दीव यांचा विचार मात्र या प्रवासात करूच नये. ती बडोद्याहून वेगळी काढायची सहल आहे, मुंबईहून परतताना जोडायची नव्हे.

कुटुंबाला सोबत घ्यायचे असल्यास उत्तरेचे पारडे निर्विवाद जड होते. घरच्या मंडळींना मुंबईपर्यंत आणून, आपण सभागृहात बसलेले असताना त्यांना हॉटेलच्या खोलीत कंटाळत ठेवण्याची गरज उरत नाही. शनिवारी सकाळी त्यांनी बडोद्याला गाडीत बसावे आणि आपण वलसाड किंवा वापीला त्यांना गाठावे. वृद्ध आई-वडील असतील तर हे अधिकच लागू पडते, कारण होडीतून जंजिऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकणे गुडघेदुखीच्या माणसाचे काम नाही. उलट एकट्याने किंवा तरुण सहकाऱ्यांबरोबर जायचे असल्यास तिथल लवकर संपते. दमणविषयी एक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे: गुजरातेत दारूबंदी आहे आणि केंद्रशासित दमणमध्ये ती नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी तेथे येणाऱ्या गर्दीचा हेतू समुद्र नसतो, आणि परतताना हद्दीवर सामानाची तपासणी होऊ शकते. लहान मुले बरोबर असतील तर मुक्काम उदवाड्याला किंवा तिथलला ठेवावा आणि दमण दिवसा पाहून घ्यावे.

जेवणाखाण्यात दोन्हीकडे चंगळ आहे. अलिबाग, नागाव, चौल भागात घरगुती खानावळी आहेत. मासे खाणाऱ्यांची सोय तर आहेच, पण आगाऊ सांगितल्यास शाकाहारी साधे जेवण आणि उकडीचे मोदकही मिळतात. हिवाळ्यात वलसाडजवळच्या महामार्गावर मडक्यात भाजलेले उंबाडियू, म्हणजे पापडी आणि कंदांचा पदार्थ, मिळते, आणि त्यासाठी गाडी थांबवावीच. राहण्याच्या दरांत मात्र मोठी तफावत पडते. अलिबाग हे मुंबईकरांचे सुट्टीचे अंगण असल्याने शनिवारी तेथे भाव चढतात. परिषद बुधवारी किंवा गुरुवारी संपत असेल आणि दोन किरकोळ रजा शिल्लक असतील, तर हाच किनारा निवांत आणि परवडणारा होतो. माझ्या मते, मधल्या वारी संपणारी परिषद ही अलिबाग-मुरूडसाठी आणि शुक्रवारी संपणारी परिषद ही परतीच्या वाटेसाठी राखून ठेवावी. परिषद सोमवारी सुरू होत असून जागा दक्षिण मुंबईत असेल, तर आधीचा शनिवार-रविवार अलिबागला घालवण्याचा तिसरा मार्ग उरतो. त्यात रजा लागत नाही. मात्र पहिल्याच सत्रात आपला निबंध असेल, तर हा धोका पत्करू नये.

ऋतूचा निर्णय सोपा आहे. पावसाळ्यात गेटवेची प्रवासी बोट बंद असते, रो-रो बोट हवामानावर अवलंबून राहते आणि जंजिऱ्याची होडी चालत नाही. त्यामुळे जून ते ऑगस्टमधील परिषदेला उत्तरेखेरीज पर्याय नाही, आणि तेथेही समुद्र लांबूनच पाहावा.

राहता राहिले कार्यालय. परिषदेसाठी मिळालेली कर्तव्यरजा शेवटच्या सत्राबरोबर संपते, म्हणून पुढील दिवसांची रजा निघण्यापूर्वी मंजूर करून घ्यावी आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी हातात घ्यावे. दक्षिणेला गेल्यास मुंबई सेंट्रल ते बडोदा हे परतीचे तिकीट अखंड राहते, आणि फक्त तारीख पुढची दिसते. उत्तरेच्या वाटेवर तसे होत नाही. एकाच तिकिटावर वाटेत उतरून मुक्काम करण्याची रेल्वेची मुभा पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटांना आहे आणि आपला प्रवास चारशेच्या आतला, त्यामुळे मुंबई ते वापी आणि वलसाड ते बडोदा अशी दोन तिकिटे काढावी लागतात. दोन तुकड्यांतले भाडे थेट भाड्याच्या मर्यादेत मान्य होईल का, हे लेखा विभागाला आधी विचारून लेखी उत्तर घ्यावे. नकार आल्यास तेवढे भाडे स्वतः सोसावे, कारण अलिबागच्या एका शनिवारच्या खोलीपेक्षा ते निश्चितच कमी भरते.