तांबड्या रश्शाशेजारी बारोलो

सांगली-मिरज रस्त्यावरील ज्या परमिट रूममध्ये आम्ही सहा मित्र दर दोन-तीन महिन्यांनी जमतो, तेथील मटणाविषयी आमच्यात कधीच दुमत झालेले नाही. या वेळी प्रश्न एवढाच होता, की इटलीच्या चार रेड वाईन त्या मटणापुढे टिकतील का. बाटल्या आमच्यापैकी एकाने मुंबईहून आणल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीमागे ३०० रुपये घेऊन त्या टेबलावर उघडू देण्यास मालकांनी आधीच संमती दिली होती.

पहिली अडचण उन्हाळ्याची निघाली. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असे सांगितले जाते खरे, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. एप्रिलमधल्या रात्री साडेआठ वाजता सांगलीत पंखासुद्धा गरम हवाच फिरवत असतो. आम्ही बर्फाची बादली मागितली, तेव्हा वाढप्याने अत्यंत आपुलकीने विचारले, "साहेब, बर्फ ग्लासातच टाकतो की, बादली कशाला?" बादली अखेर आली, बाटल्या तिच्यात वीस मिनिटे ठेवल्या आणि त्यानंतरच त्यांची खरी चव कळू लागली. ग्लास मात्र पाण्याचे, जाड काचेचे होते. वाईनचा वास साठायला वर निमुळता होत जाणारा ग्लास लागतो आणि बाटलीमागे पैसे घेणाऱ्या हॉटेलने असे सहा ग्लास ठेवायला हरकत नव्हती.

सुरुवात लांब्रुस्कोने झाली. उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या भागातली ही फसफसणारी रेड वाईन थंडच प्यायची असते आणि तिकडे ती डुकराच्या चरबीदार सलामीबरोबर घेतात. आम्ही ती भडंग आणि चिकन फ्रायबरोबर घेतली. तिच्यात अल्कोहोल कमी असल्यामुळे भडंगातल्या मिरचीची जळजळ वाढली नाही, आणि बुडबुड्यांनी तोंडातला तेलकटपणा धुऊन निघाला. बाटली दहा मिनिटांत संपली, यातच काय ते आले.

तांबड्या रश्शाबरोबर वायव्य इटलीतील पिएमोंत भागातली, त्याच नावाच्या द्राक्षाची बार्बेरा उघडली. या द्राक्षात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन, म्हणजे कोऱ्या चहासारखा जीभ आवळणारा तुरटपणा, अगदी कमी असतो. रश्शावर आपण लिंबू का पिळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही जोडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कांदा-लसूण मसाल्याचा तिखटपणा तसाच राहिला, पण प्रत्येक घोटानंतर पुढचा घास नव्याने लागत होता.

बारोलोवर आमच्या सगळ्यांत जास्त आशा होत्या आणि सगळ्यांत जास्त पैसेही तिच्यावरच खर्च झाले होते. नेबिओलो द्राक्षाची ही वाईन कायद्याने किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपांत. रंगाने ती फिकी दिसते, पण टॅनिन जबरदस्त. तांबड्या रश्शाबरोबर तिचा पहिला घोट घेताच सगळे गप्प झाले. मिरचीने तुरटपणा धारदार केला, अल्कोहोलने मिरची पेटवली, आणि गुलाबाचा, डांबराचा जो वास तिच्यात असतो म्हणतात, तो मसाल्याखाली पार गाडला गेला. आमच्यातल्या डॉक्टरांनी ग्लास बाजूला सारून ताक मागवले.

तिची अब्रू वाचवली ती अळणी मटणाने. आमच्यातील एकाचे पोट बिघडलेले असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळी वाटी मागवली होती: मीठ-हळद, आले-लसूण, तुपाचा हात आणि हाडाजवळची चरबी, बाकी काही नाही. त्याने सहज बारोलोचा घोट घेतला आणि वाटी दुसऱ्यांना द्यायचे नाकारले. टॅनिनला पकडण्यासाठी मांसातली प्रथिने आणि चरबी लागते. ती मिळाली की तुरटपणा मऊ होतो आणि मसाला आड येत नसल्यामुळे वासही मोकळा होतो. पिएमोंतमध्ये बारोलो तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेल्या मांसाबरोबर पितात, ते याच हिशेबाने. मग आम्ही आणखी चार वाट्या मागवल्या. पांढऱ्या रश्शाबरोबर मात्र तिचे फारसे जमले नाही. नारळाच्या दुधाच्या गोडीमुळे ती कडवट लागू लागली.

शेवटची बाटली अमारोनेची होती. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला भागात द्राक्षे काढून तीन-चार महिने मचाणांवर सुकवतात आणि साखर दाटली की मग त्यांची वाईन करतात. तासगावकडचा आमचा बागायतदार मित्र म्हणाला, "आम्ही शेडमध्ये पंधरा दिवसांत बेदाणा उतरवतो, आणि हे लोक तीन महिने राखण करत बसतात?" अर्थात त्याच्या शेडमध्ये द्राक्षे लवकर सुकवणाऱ्या डिपिंग ऑइलची मदत असते आणि त्याला वाईन नव्हे, बेदाणाच हवा असतो. त्याने आणलेले बेदाणे अमारोनेबरोबर खाऊन पाहण्याचा मोह आवरला नाही, पण ही जोडी कल्पनेतच सुंदर ठरली. अमारोनेतली बहुतेक साखर अल्कोहोलमध्ये उतरलेली असते, त्यामुळे गोड बेदाण्यानंतर ती आंबट आणि रागीट लागते. त्याऐवजी खारे काजू मागवले, ते उत्तम जमले.

इतक्या खर्चाची तयारी नसेल, तर अकलूजच्या फ्राटेली या वाईन कंपनीची सांजोवेसे ही रेड वाईन घ्यावी. इटलीतल्या किआन्ती या प्रसिद्ध वाईनचे मुख्य द्राक्ष तेच आहे, आणि सुक्क्या मटणाबरोबर ती मी याआधी दोनदा समाधानाने घेतली आहे.

हॉटेलविषयी सांगायचे तर मटण नेहमीप्रमाणे पहिल्या प्रतीचे होते, ज्वारीची भाकरी शेवटपर्यंत गरम येत राहिली, आणि बिलात बाटल्यांचे पैसे ठरल्याप्रमाणेच लावले होते. पुढच्या वेळी ग्लास आम्ही घरून नेणार आहोत. अळणी मटणाच्या सहा वाट्या मात्र फोनवरच सांगून ठेवू, कारण रात्री दहानंतर ते संपते.