टिकाव-पहार शेवटून (टोक ठोकून नवं काढून) घ्यायची असेल तर उद्यमनगरातले हे मामा एक नंबर

गडवाटांच्या दुरुस्तीला, श्रमदानाला जाणाऱ्या सगळ्या ग्रुपसाठी लिहितोय, कारण बूट-बॅगांवर सगळे बोलतात पण हत्यारांकडं कुणी बघतच नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक लोहारकामाचं शेड आहे. पाटी नाही, आजूबाजूला सगळी लेथ आणि फाउंड्रीवाली मंडळी, कोयतेवाले मामा कुठं बसतात विचारलं की कुणीही दाखवतं. आमच्या टीमचं सगळं सामान आता तिथंच जातं.

आमचं काम काय ते आधी सांगतो. पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर मसाई पठाराच्या बाजूला वनखात्याची परवानगी काढून आम्ही वाट दुरुस्त करतो (किल्ल्यात मात्र हात लावायचा नाही, पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय तिथला दगडसुद्धा हलवू नका). जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटले ती ही वाट, म्हणून लोक पण जुलैतच चालायला येतात आणि पाऊस पण तेव्हाच धो धो. सगळे म्हणतात माणसांच्या पायानं वाट खराब होते, पण खरा घात पाणी करतं. पाणी वाटेतनंच पळायला लागलं की माती घेऊन जातं, वाटेची घळ होते, मग चिखल चुकवायला माणसं कडेच्या गवतावरनं जातात आणि बघता बघता एका वाटेच्या चार वाटा. म्हणून पाणी आधी वाटेबाहेर काढायचं. वाटेला तिरका चर मारायचा, त्याच्या खालच्या अंगाला दगडांची ओळ, प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त गाडलेला, नाहीतर पहिल्याच पावसात सुटून येतो. आणि हे सगळं खणायचं कुठं, तर वर वीतभर माती आणि खाली जांभा, पठार उतरलं की काळा पाषाण. टोक बोथट असेल तर दिवसभर नुसते हात झिणझिणतात, काम काहीच होत नाही.

आधी आम्ही एका हार्डवेअरवाल्याकडं ग्राइंडरवर टोक काढून घ्यायचो. दिसायला चकाचक, पण ग्राइंडरवर टोक तापून निळं पडतं, पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कडकपणा, उतरतं आणि दुपारपर्यंत परत जैसे थे. मामा टोक भट्टीत लाल करतात, घणानं ठोकून लांबवतात, मग परत तापवून फक्त टोकच पाण्यात बुडवतात, बाहेर काढून दगडावर जरा घासतात आणि नुसतं बघत बसतात. मागची धग टोकाकडं सरकते तसा रंग बदलतो, आधी गवती पिवळा, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा, आणि कुठल्या रंगाला परत बुडवायचं तिथं सगळं कसब आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दगड कुठला हाय पोरांनो, तांबडा का काळा?" हे आम्हाला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारलं नव्हतं. काळ्या दगडात टोक लय कडक ठेवलं तर टवका उडतो आणि तो डोळ्यात गेला तर खेळ खल्लास, म्हणून पहारीला जरा नरम पाणी, आणि जांभ्यातल्या टिकावाला कडक. अगदी दगड बघून पाणी देणारा माणूस आहे हा!

ओढ्यावरच्या साकवाच्या कुजलेल्या फळ्या काढायला पण त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासनं दुभंगलेल्या टोकाची छोटी पहार करून दिली, गंजलेला खिळा डोकं न तुटता वर येतो. पैसे टोकामागं घेतात, आणि नवीन हत्याराच्या किमतीपुढं ते काहीच नाहीत.

दांडा मात्र तिथं बसवून घेऊ नका. लाकूड कच्चं असतं, उन्हात सुकलं की टिकाव डुगडुगतो आणि ते भयंकर धोक्याचं आहे. बाभळीचा मुरलेला दांडा सुताराकडनं वेगळा घ्या. दुसरं म्हणजे वेळ. एकदा का ऊसतोड सुरू झाली की कोयत्यांचा ढीग पडलेला असतो, तोडकऱ्यांचं पोट त्यावर असतंय त्यामुळं मामा त्यांचं आधी करणार, आणि ते बरोबरच आहे. आपलं काम पण पाऊस उघडल्यावर, जमीन ओली असतानाच चांगलं होतं, म्हणून हत्यारं दसऱ्याच्या आधीच टाकून या आणि प्रत्येकावर ऑइलपेंटनं खूण करा, ढिगात सगळ्या पहारी सारख्याच दिसतात.